‘आत’ नावाचं फोल्डर

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मामाचा फोन आला. “जरा ऑफिसला येऊन जा. पाच मिनिटांचं काम आहे.”

मोठ्या माणसांची पाच मिनिटं काय असतात ते मला नवीन नाही. स्वतःला कित्येक वर्षं जमलेलं नसतं, ते काम दुसऱ्याच्या गळ्यात मारताना पाच मिनिटांचं होतं. मी नाहीच म्हणणार होतो. पण आई समोर ताटं पुसत उभी होती, आणि मामाचा आवाज असा की फोन नसता तरी तिला ऐकू गेला असता.

“जा रे,” ती म्हणाली. “मामा होता म्हणून निभावलं आपलं.”

बाबा गेल्यापासून हे वाक्य आमच्या घरात पंख्यासारखं चालू असतं. मी शर्ट चढवला आणि निघालो.

दिवा मालवू नका. सांगतो सगळं, पण माझ्या क्रमानं.

आमची कंपनी दारं बनवते. म्हणजे लोखंड दुसरे बनवतात, दाराच्या डोक्यातली अक्कल आम्ही लिहितो. दवाखान्यातल्या बंद खोल्या, शीतगृहं, तिजोऱ्यांच्या खोल्या. जिथं किल्लीचं भोक नसतं, भिंतीवर नुसती कार्ड लावायची डबी असते, तिथल्या दाराला कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी नाही हे सांगायला एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती ज्या फाइलींत लिहिलेली आहे, फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, त्या सगळ्या पसाऱ्याला ऑफिसात ‘झाड’ म्हणतात. हे झाड तळघरातल्या मशीन रूममध्ये एका म्हाताऱ्या सर्व्हरवर आहे. आणि त्या मशीन रूमला आमचंच दार.

आता मामाची हुशारी ऐका. जगभर शहाणे लोक माल आधी तयार करतात, तपासतात आणि मग दाराला लावतात. मामानं आमचं दार थेट झाडालाच जोडून ठेवलंय. झाडात जे असेल ते दार त्याच क्षणी वाचणार. पाहुणे आले की त्यांच्यापुढं छाती काढून सांगतो, “इकडं बदललं की तिकडं लगेच!” पाहुणे माना डोलावतात. त्यांनाही काही कळत नसतं.

मामा तिथला मुख्य आहे, त्याच्या वर फक्त साहेब. कसा झाला ते विचारू नका. खुर्चीत इतकी वर्षं बसला की शेवटी खुर्चीच त्याच्या नावावर झाली.

मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं. तिथले सर आपल्या तरुणपणच्या नोट्स फळ्यावर उतरवायचे, आम्ही त्या वहीत उतरवायच्या आणि परीक्षेत त्यांच्याच त्यांना परत द्यायच्या. याला ते शिक्षण म्हणायचे. सोडल्यावर सगळे नातेवाईक सल्ल्यांची पिशवी घेऊन दारात. एकटा मामा म्हणाला, “राहू दे. माझ्याकडं लावतो त्याला.” झालं, देवमाणूस ठरला. मलाही वाटलं, असेल बुवा.

पहिल्याच दिवशी त्यानं मला बाबांचा नंबर दिला.

हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनला आपली नावं कळत नाहीत. तिला नंबर कळतो. माणसागणिक एक नंबर, आणि तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक फाइलीवर मालक म्हणून तोच. नाव ही त्यावर चिकटवलेली नुसती पट्टी. माणूस गेला की पट्टी काढतात, आणि नंबर कायमचा बाद करतात. कारण तो दुसऱ्याला दिला, तर गेलेल्याच्या सगळ्या फाइली न मागता त्या दुसऱ्याच्या होतात. आमच्या ऑफिसात नंबर बाद करत नाहीत. एक गेला, दुसरा आला, दे तोच. कंजूष लोक मेलेल्याच्या चपला घालतात तसं.

मी झाडाची यादी काढली. मी शाळेत होतो तेव्हाच्या तारखा, आणि मालकाच्या रकान्यात माझं नाव. दार किती वेळ उघडं ठेवावं, कुणाचा हात मध्ये आला तर काय करावं, वीज गेली तर काय करावं... सगळं बाबांनी लिहिलेलं. सगळ्यावर मी.

मामाला विचारलं तर म्हणाला, “रिकामाच होता. घरातला नंबर घरात राहिला, वाईट काय?” आईला सांगितलं तर ती रडली. आनंदानं.

बाबा त्याच मशीन रूममध्ये गेले होते. हार्ट, असं मामानं सांगितलं. आईनं मानलं, कारण सांगणारा भाऊ होता. मी मानलं, कारण मी तेव्हा लहान होतो आणि मोठी माणसं खोटं बोलताना आवाज खाली आणतात हे मला अजून माहीत नव्हतं.

बाबांबद्दल एवढंच सांगतो. ते दोन बोटांनी टाइप करायचे. टक, टक, टक. दाढ दुखायची म्हणून गालात कायम लवंग. ओळ लिहून झाली की हात उचलायचे, खाकरायचे, ओळ पहिल्यापासून वाचायचे आणि मगच एंटर. रोज, प्रत्येक ओळीला. मला म्हणायचे, “मशीन नुसतं ऐकतं रे. विचार आपण करायचा, आणि तो एंटरच्या आधी करायचा.” त्या घरात विचार करणारं माणूस तेवढं एकच होतं.

असो. तळघरात उतरलो. बाहेर लखलखीत ऊन होतं, पण त्या जिन्याला ते कधीच कळत नाही. खाली बाराही महिने एकच वेळ असते. एसीची घरघर, ओल्या सिमेंटचा वास, एक ट्यूबलाइट. मशीन रूमचं जाड दार उघडं होतं, आणि मध्ये नेहमीसारखी खुर्ची अडकवलेली. कारण दार बाहेरून कार्डानं उघडायचं, पण आतलं बटण कित्येक वर्षं मेलेलं. दारांची कंपनी, आणि स्वतःच्या दारात खुर्ची. पाहुणे आले की ती खुर्ची लपवतात.

मामा दाराबाहेरच्या टेबलाशी बसला होता. तिथं एक कॉम्प्युटर आहे आणि एक स्पीकरची डबी. आतल्या माणसानं भिंतीवरचं बटण दाबून धरलं की डबीवर लाल दिवा लागतो आणि त्याचा आवाज बाहेर येतो.

“आलास? ये ये. शर्टाची बटणं तरी नीट लाव, ऑफिस आहे,” मामा म्हणाला. “उद्या तपासणीवाले येतायत. झाडाच्या परवानग्या नीट करायच्यात. पाच मिनिटं.”

“मग तूच कर की.”

“एक फोल्डर उघडत नाहीये.”

“रूटनं बघ.”

रूट म्हणजे मशीनमधला सर्वेसर्वा. त्याला कुणालाच काही विचारावं लागत नाही, तो कुठंही शिरतो. मामानं ओठ पुसले. “रूटलाही नाही म्हणतंय.”

मी हसलो. रूटला नाही म्हणणारं फोल्डर नसतं. मामा नेहमीसारखा काहीतरी चुकीचं टाइप करत असणार. मी तिथंच त्याच्या कॉम्प्युटरवर रूट म्हणून करून पाहिलं. ‘दार’ हे मोठं फोल्डर, सगळं बाबांच्या हातचं. त्याच्या पोटात दोन: ‘बाहेर’ आणि ‘आत’. बाहेरून कार्डानं उघडायचा प्रोग्राम एकात, आतल्या बटणाचा दुसऱ्यात. ‘बाहेर’ उघडलं. ‘आत’ला हात लावला, आणि मशीन म्हणालं: परवानगी नाही.

मी परत केलं. परवानगी नाही.

“बघ,” मामा हळूच म्हणाला. तो माझ्याकडं बघत होता, स्क्रीनकडं नाही. “तुझ्या नावानं करून बघ ना. तू मालक आहेस त्याचा. पण इथून नको, आत जाऊन मुख्य मशीनवरच कर.”

“आणि तू?”

“मला एसी सोसत नाही.”

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं, की मी इथं लागल्यापासून मामाला त्या खोलीत पाय ठेवताना पाहिलेलं नाही. आणि दुसरंही कळलं. त्यानं मला नोकरी दिली नव्हती. त्यानं तो नंबर चालवायला एक माणूस आणला होता. आणि आम्ही मायलेक त्याच्या उपकारांची आरती ओवाळत होतो.

आत गेलो. कपाटांच्या मागं पंखे घोंघावत होते. मुख्य मशीनसमोर स्टुलावर बसलो, माझ्या नावानं शिरलो आणि ‘आत’ उघडलं.

लगेच उघडलं. जणू दाराशी कुणी उभंच होतं.

आत बटणाचा प्रोग्राम, बाकी काही नाही. पण परवानगीच्या रकान्यात मालक सोडून सगळे हक्क काढलेले. गटाला नाही, बाकीच्यांना नाही, दाराला स्वतःलाही नाही. म्हणून बटण मेलेलं. हे कुणी केलं? करणारा मालकच असणार. आणि केव्हा केलं, ती वेळ मशीन लिहून ठेवतं. मी ती तारीख बघितली. ती मला पाठ आहे, कारण त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती.

बाबांना आदल्या दिवशी नेलं होतं.

थंडी वाढली का, सांगता येणार नाही. वास मात्र आला. त्या खोलीत गरम धूळ आणि प्लास्टिक यांच्याशिवाय कसलाच वास नसतो... आणि मला लवंगेचा आला. माझ्या मागं, कपाटांच्या पलीकडं, कुठंतरी टक... टक... टक... वाजलं आणि थांबलं.

मी वळलो नाही. पंखा असेल, म्हटलं.

“उघडलं का रे?” मामा दाराच्या फटीतून ओरडला. “उघडलं असेल तर पहिलं ते सगळं माझ्या नावावर कर. त्याचा... तो जुना नंबर कुठं दिसता कामा नये. मग सगळ्या झाडाला सरसकट सहा-चार-चार लाव.”

सरसकट. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. फाइलीला तीन हक्क असतात: वाचायचा, लिहायचा, चालवायचा. सहा-चार-चार म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं, चालवायचा हक्क कुणालाच नाही. साध्या फाइलीला ते ठीक. पण फोल्डरच्या बाबतीत चालवायचा हक्क म्हणजे आत शिरायचा हक्क. तो काढला की आतली नावं दिसतात, पण पाऊल टाकता येत नाही. काचेला नाक लावून बघत बसावं तसं. तपासणीवाल्यांच्या कागदावर पहिल्या ओळीत फाइलींचा आकडा होता आणि दुसऱ्या ओळीत फोल्डरांचा. मामा पहिल्या ओळीत दमला होता.

“मामा, सरसकट लावलं तर फोल्डर बंद होतील. दार झाडातनंच वाचतं. दारही बंद होईल, आतून आणि बाहेरूनही.”

“काही होत नाही. मागच्या वेळी झालं होतं, पण ते—”

त्यानं जीभ चावली.

“कुठल्या मागच्या वेळी?”

एसीची घरघर. त्याच्यामागं कुणीतरी श्वास धरावा तसं काहीतरी.

“मामा. कुठल्या?”

“तू हो बाजूला,” मामा एकदम आतच आला. चेहरा घामानं चमकत होता, त्या थंडीत. “मी करतो. कॉलेज पुरं करता आलं नाही, आणि आम्हाला शिकवायला निघाले जगद्गुरू. ऊठ!”

“तू मोडणार आहेस सगळं.”

“तुझा बापही हेच म्हणायचा. ऊठ म्हणतो ना!”

मी उठलो. माझा हात उठला असता, म्हणून मी बाहेर गेलो. खुर्चीला वळसा घालून गेलो, हे मी शपथेवर सांगतो. तिला पाय लागला नाही. पण टेबलाशी पोचलो आणि मागं दाराचा तो आवाज झाला. मोठं फ्रिज मिटतं तसा, मऊ.

वळून बघितलं तर दार बंद होतं. आणि खुर्ची टेबलाशी होती. माझ्या शेजारी. कुणाला बसायला द्यावी तशी थोडी मागं ओढलेली.

मी कार्ड काढून भिंतीवरच्या डबीला लावलं. तेवढ्यात आतून मामानं एंटर दाबलेलं असणार, कारण डबीवरचा हिरवा दिवा माझ्या डोळ्यांसमोर विझला. एकदा लावलं, दहादा लावलं. दार आता नुसती भिंत होती.

स्पीकरवर लाल दिवा लागला. “अरे, दार का लावलंस?”

“मी नाही लावलं.”

“फाजीलपणा करू नकोस. उघड.”

“तू सरसकट लावलंस ना? मग उघडणार कसं?”

मग दारावर थाप पडली. आणि दाराच्या वर पिवळा दिवा फिरायला लागला.

तो दिवा आगीचा, आत एक आणि बाहेर एक. आत धूर झाला, की आधी हा दिवा फिरतो, मग छतातून एक गॅस सुटतो. तो आग विझवतो आणि माणसालाही. म्हणूनच आतलं बटण असतं, माणसानं दिवा बघावा आणि बाहेर पडावं. मी दाराला नाक लावलं. धुराचा वास नव्हता. लवंगेचा होता.

“दिवा लागलाय रे...” मामाचा आवाज बारीक झाला होता. “उघड... लवकर कर काहीतरी.”

मी त्या खुर्चीत बसलो आणि रूट म्हणून फोल्डरांना आत शिरायचा हक्क परत द्यायची ओळ लिहिली. मशीन म्हणालं: परवानगी नाही. मघाशी एकटं ‘आत’ नाही म्हणत होतं, आता सगळं ‘दार’ नाही म्हणत होतं.

“रूटला घेत नाहीये,” मी म्हणालो.

“तुझ्या नावानं कर! तू मालक आहेस! कर ना!”

मी कीबोर्डवर हात ठेवले. आणि उचलले.

“आधी सांग. बाबा आत होते तेव्हा सरसकट कोणी लावलं होतं?”

“ही वेळ आहे का...”

“हीच आहे.”

थापा थांबल्या. मग मामा बोलायला लागला, भराभर, लहान मुलानं फोडलेल्या काचेबद्दल सांगावं तसं. “मी लावलं. तेव्हाही तपासणी होती. दाजी आत होते हे माझ्या लक्षात नव्हतं... एका वायरला धूर आला. ते दार वाजवत होते. मला एका ओळीत परत करता आलं असतं, पण झाडाला हात लावायचा तर दरवेळी नव्यानं साहेबांची परवानगी लागायची तेव्हा. आधी माझ्याकडून एकदा बिघडलं होतं ना, म्हणून. मी साहेबांच्या घरी फोन लावला. बाई म्हणाल्या, जेवून झोपलेत, उठवायचं नाही असं सांगून ठेवलंय.”

“मग?”

“मग मी थांबलो. विचारल्याशिवाय कसं करणार? माझी नोकरी...”

“बाबा वाजवत होते आणि तू थांबलास.”

“थोडा वेळ वाजवलं त्यांनी,” मामा म्हणाला. “फार वेळ नाही.”

एवढा एकच दिलासा होता त्याच्याजवळ, आणि तो त्यानं मला देऊ केला. फार वेळ नाही. याच माणसाला आई सणासुदीला नाही, रोज हात जोडते. मला वाटलं, असंच बसून राहावं. साहेबांना फोन लावावा. दुपार होती, झोपलेलेच असणार.

“साहेबांना विचारू का, मामा?” मी म्हणालो.

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. कंटाळा आला. म्हणून मी माझ्या नावानं ओळ लिहिली: ‘दार’पासून खालच्या सगळ्या फोल्डरांना, सगळ्यांसाठी, आत शिरायचा हक्क. एंटरवर बोट ठेवलं.

कुणीतरी खाकरलं.

मामा नाही. मामा हुंदके देत होता, आणि ते खाकरणं त्या हुंदक्यांच्या मागून आलं... शांत, घसा साफ करावा तसं. स्पीकरमधून. आतून.

माझं बोट उचललं गेलं. मी ओळ पहिल्यापासून वाचली. अधिकच्या जागी उणे पडलं होतं. हक्क देण्याऐवजी मी उरलासुरला काढून घेत होतो. सरसकट, मामासारखाच. मी उणे खोडलं, अधिक घातलं. बोट परत एंटरवर नेलं.

पुन्हा खाकरणं आलं. या वेळी मोठ्यानं. लागोपाठ.

ओळ बरोबर होती. मी तीनदा वाचली होती. मी एंटर दाबला.

दार उघडलं. पिवळा दिवा थांबला. आणि मामा बाहेर आला.

मी तयार होतो. तो आता पायाशी पडेल, नाहीतर शिव्या देईल, नाहीतर दोन्ही. त्यानं काहीच केलं नाही. सावकाश चालत आला, मी उठून दिलेल्या खुर्चीत बसला आणि टेबलावर दोन बोटं वाजवली. टक. टक. टक. मामाला डोक्याला थापलेल्या त्या तेलाचा वास येतो, जिन्यातून कळतं तो आलाय ते. आता तो येत नव्हता. लवंगेचा येत होता.

“बाबा?” मी म्हणालो. कसं तोंडातून गेलं माहीत नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला.

आणि स्पीकरवरचा लाल दिवा अजून लागलेला होता. खोली समोर सताड उघडी, आत कुणी नाही, भिंतीवरचं बटण कुणी दाबलेलं नाही. त्या डबीतून मामाचा आवाज येत होता. “उघडलंस का?... अरे, अजून उघडत नाहीये... आणि हे बघ, साहेबांना सांगू नकोस हं... आईलाही...”

मी खरंच सांगतो, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. इतक्या वर्षांनी आमच्या घरात काहीतरी न्यायानं झालं होतं. जो आत होता तो बाहेर आला, जो बाहेर होता तो आत गेला. मी कॉम्प्युटरवर बघितलं. ‘आत’चे सगळे हक्क परत निघालेले होते. मालक सोडून कुणाला नाही, आणि मालक मी. म्हणजे किल्ली माझ्याकडं. मी ती खिशात घातली, म्हणा ना.

सोमवारी तपासणीवाले आले, झाड सुंदर आहे म्हणाले, सही करून गेले. त्यांनाही काही कळत नाही.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी आमच्या घरी येतो. आईसमोर बसतो. बोलत नाही फारसा. आई म्हणते, “तुझा मामा किती शांत झालाय रे, अगदी बदललाच.” एकदा म्हणाली, “बसतो कसा बघ, तुझ्या बाबांसारखा.” मी गालातल्या गालात हसलो. तिला सांगायचं होतं, पण म्हटलं, तिचं तिला कळू दे.

आणि दुपारी तळघरात एकटा असलो की लाल दिवा लागतो. “उघड ना रे... बाळा...” मी दरवेळी एकच सांगतो, “साहेबांना विचारून सांगतो.” मजा यायची.

आज दुपारी दिवा लागला, आणि तो गयावया करत नव्हता. कुजबुजत होता.

“अरे... ऐकतोयस? मी एकटा नाहीये इथं. कुणीतरी आहे... मागं उभं आहे. खाकरतंय सारखं... दाजी आहेत रे. दाजी इथंच आहेत. ते मला म्हणतायत, पोराला सांग, त्यानं उघडायला नको होतं... मी थांब म्हणत होतो, म्हणतायत... जे बाहेर आलं ते मी आतून धरून ठेवलं होतं, म्हणतायत...”

मग दिवा गेला.

मी तेव्हापासून एकच आठवतोय. तो लवंग चघळतो. दोन बोटं वाजवतो. हसतो. पण इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही खाकरताना ऐकलेलं नाही.

म्हणून घरी न जाता तुमच्याकडं आलो. आई घरी एकटी आहे ही भीती नाही. एकटी नाही, ही आहे. मघाशी तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा तिचाच फोन होता. आवाज खुशीत. “कुठं आहेस रे? मामा थांबलाय तुझ्यासाठी. म्हणतो, तुझ्याकडं पाच मिनिटांचं काम आहे. तुझा कसलासा नंबर हवाय त्याला.”

तिच्या मागं टेबलावर वाजत होतं. टक... टक... टक...

मग ते थांबलं. मी कान लावून बसलो होतो, खूप वेळ. कुणी खाकरलं नाही.